उभ्या चाकाचे भाडे

आपल्या मंडळात मला सगळे रेल्वेवाला म्हणूनच ओळखतात. पण डिप्लोमा झाल्यावर रेल्वेत लागण्याआधी दोन वर्षे मी न्हावा शेवा बंदराजवळ, ट्रेलर भाड्याने देणाऱ्या एका यार्डात नोकरी केली. त्या धंद्याविषयी चार शब्द.

त्याचे मूळ अमेरिकेतले. माल्कम मॅक्लीन हे ट्रकवाहतुकीतले गृहस्थ. ट्रकमधला माल एकेक नग उतरवून जहाजात चढवण्यात फार वेळ जाई. त्यापेक्षा ट्रकचा डबाच उचलून जहाजावर ठेवावा, असे त्यांनी ठरवले. २६ एप्रिल १९५६ रोजी असे ५८ डबे घेऊन ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. डबा चाकांपासून सुटला आणि नुसती चाके भाड्याने देण्याच्या धंद्यालाही वाव मिळाला.

भारतात असा कंटेनर १९७३ साली कोचीनला उतरला. १९८१ मध्ये रेल्वेने तो बंदरापासून आत, थेट आपल्या बंगळूरपर्यंत आणला. १९८८ साली कॉनकॉर स्थापन झाली, तर १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले. कंटेनर वाढले तशी ट्रेलरची मागणीही वाढली.

पुढच्या इंजिनाच्या गाडीला आमच्याकडे ‘घोडा’ म्हणत. ज्याच्याकडे घोडा आहे पण ट्रेलर घ्यायला भांडवल नाही, तो आमच्याकडून महिन्याच्या भाड्याने ट्रेलर नेई. देताना आणि परत घेताना टायर, पाटे, ब्रेक, किंगपिन आणि कंटेनर पकडून ठेवणारी चार कुलुपे तपासणे हे माझे काम. फेऱ्या होवोत न होवोत, महिन्याचे भाडे चालूच राही.

ड्रायव्हरचे तसे नव्हते. त्याला फेरीवर पैसे मिळत. बंदराच्या गेटवर दोन दिवस रांग लागली तर ट्रेलरमालकाचे भाडे चढे, कंटेनर अडकल्याचे शुल्क चढे; ड्रायव्हरच्या हाती मात्र त्या दोन दिवसांचे काहीच पडत नसे. केबिनखाली स्टोव्हवर भात शिजवून तो वाट पाहत बसे.

रेल्वेत आल्यावर ही गोष्ट अधिकच जाणवली. इथे वाघिणी ठरल्या वेळेपेक्षा जास्त अडकल्या तर विलंबशुल्क लागते. पण गाडी कितीही वेळ सिग्नलला उभी राहिली तरी लोको पायलटची ती वेळ कामातच धरली जाते. ट्रेलरच्या धंद्यात उभ्या लोखंडाचा हिशेब होता, उभ्या माणसाचा नव्हता.

२०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण रांगेतल्या तासांचे पैसे हा प्रश्न त्याने सुटत नाही. आपल्यापैकी अनेक जण कारखान्यांत आणि गोदामांत अधिकारपदावर आहेत. वाहतुकीचा करार करताना ड्रायव्हरच्या थांबण्याचा मोबदला त्याच्याच हाती पडेल, अशी एक ओळ त्यात जरूर घालावी, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!