‘पातळ’ दुधाचा आळ

जुन्या देवळांच्या चारठाण्यात काय किंवा जिंतूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात काय, चौथ्या महिन्यात लेकराची वाढ जरा मंदावली की घरातली जाणती बाई निकाल देते : “अंगावरचं दूध पातळ पडलं, लेकरू भरंना. वरचं चालू करा.”

हा समज अडाण्यांचा म्हणून उडवून लावता येत नाही. एके काळी शास्त्राचे तक्तेही हेच सुचवत. १९७७ साली अमेरिकेत झालेले वाढीचे तक्ते जगभर वापरले गेले. त्यांतली बहुतेक तान्ही बाळं बाटलीवर वाढलेली. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतं, मग त्याचा वेग उतरतो. त्या तक्त्यावर ते मागे पडलेलं दिसे आणि बोल आईच्या दुधाला लागे. अखेर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांची मापं घेतली आणि २००६ साली नवे तक्ते दिले. मोजायची पट्टीच चुकली होती.

आता ‘पातळ’ दुधाचं. पाजायला घेतल्यावर आधी येणारं दूध निळसर, पाण्यासारखं दिसतं. स्तन रिकामा होत जातो तसा त्यातला स्निग्धांश वाढतो. खुरपायला जायची घाई म्हणून लेकरू मध्येच सोडवलं, किंवा ते नुसतं स्तनाग्र चोखत राहिलं, तर ते दाट दूध त्याला पुरेसं मिळत नाही. तोंड मोठं उघडून भोवतीचा काळा भागही आत जाईल असं बाळाला धरायला शिकवावं, हा त्यावरचा इलाज. म्हशीच्या दुधात पाणी घालून बाटली भरली, तर खरोखर पातळ होतं ते हे दूध. त्यात बाटली नीट धुतली गेली नाही की जुलाब, आणि होतं ते वजनही उतरतं.

मात्र आईच्या दुधाची बाजू घेताना तोल सोडू नये. अंगावर पाजलं की पोर पुढे लठ्ठ होतच नाही, असंही हल्ली सांगतात. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली जन्मलेल्या सतरा हजारांवर बाळांची संशोधक मायकेल क्रेमर यांनी चाचणी घेतली. स्तनपानाला पाठबळ दिलं तिथे पहिल्या वर्षी पोटाचे आजार घटले. साडेअकराव्या वर्षी लठ्ठपणा मात्र कमी दिसला नाही. जुलाब टळणं हेच आपल्याकडे केवढं मोलाचं आहे! सहा महिन्यांनंतरही नुसत्या दुधावर ठेवलं तर लेकरू खंगतं, हेही तितकंच खरं. तेव्हा तेल घातलेली घट्ट खिचडी हवीच.

आजींना विनंती एवढीच : वरचं दूध सुरू करण्याआधी अंगणवाडीत वजन करून तक्त्यावरची रेघ पाहा. चढती असेल, तर सुनेला निवांत पाजू द्या. सपाट झाली असेल, तर त्याच दिवशी आशाताईला बोलवा.