तरंगंबाडीचे रविवार

परक्या गावात आठवड्याचे सहा दिवस कसेही निघून जातात. रविवार मात्र जाता जात नाही. मोडी कागद वाचण्याच्या निमित्ताने मी काही महिने तंजावरला राहत होते, तेव्हाचा हा अनुभव. वाचनाचे दालन बंद, खाणावळीत सहकुटुंब आलेल्यांची गर्दी, आणि माझे तमिळ रस्ता विचारण्यापुरते. मग मी रविवारी मिळेल त्या बसमध्ये बसू लागले. कुंभकोणम झाले, तिरुवारूर झाले. एकदा मायिलाडुतुरैला बस बदलली आणि कावेरीच्या कालव्यांमधून, भाताच्या खाचरांमधून थेट समुद्रापर्यंत गेले. शेवटचा थांबा तरंगंबाडी.

१७९२ साली बांधलेली पांढरी वेस ओलांडली की सरळ रस्ता किनाऱ्याकडे जातो. दोन्ही बाजूंना जुनी चर्चे, बंगले. टोकाला डॅन्सबोर्ग किल्ला आणि शेजारी लाटांनी कुरतडलेले मासिलामणिनाथाचे चौदाव्या शतकातले देऊळ. २००४ च्या त्सुनामीने हे गाव झोडपले होते. त्या दिवशी मात्र वाळूवर सुटीची गर्दी होती. आसपासच्या गावांतली पोरे मोटारसायकली लावून फोटो काढत होती, आया मुलांना लाटांपासून मागे ओढत होत्या. त्या घोळक्यात मी एकटी, हातात शेंगदाण्याची पुडी. मनात आले, या वेशीच्या आत राहणारी परदेशी तरुण मंडळी आपली मोकळी वेळ कशी घालवत असतील?

ती मंडळी खरोखरच तरुण होती. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून हे बंदर डेन्मार्ककडे आणणारा ओव्हे गेड्डे पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. १७०६ च्या जुलैमध्ये उतरलेला जर्मन मिशनरी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग चोविसाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होता. १७५० साली आलेला श्वार्ट्झ तेवीस वर्षांचा, १७७१ साली आलेला क्रिस्टोफ जॉनही तेवढाच, १७७६ साली आलेला रॉटलर सत्तावीस आणि १७९२ साली आलेला बेंजामिन हाइने बावीस. आज या वयाची मुले परदेशी शिकायला जातात आणि सुटीच्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल लावतात. यांचे पत्र घरी पोचायला कित्येक महिने लागत, आणि उत्तर येईपर्यंत लिहिणारा हयात असेल याची खात्री नसे. झीगेनबाल्ग छत्तिसाव्या वर्षी गेला. १७६० मध्ये गावाबाहेर बाग घेऊन राहिलेले मोरेव्हियन बंधू सुतारकाम, शिवणकाम करून पोट भरत. त्यांतले कितीतरी इथे आणि निकोबार बेटांवर तापाने संपले.

वेशीच्या आतला संसार अनेक भाषांचा होता. कंपनीच्या कचेरीत डॅनिश, मिशनच्या घरात जर्मन, किनाऱ्यावरच्या व्यवहारात पोर्तुगीज आणि बाजारात तमिळ. वेशीबाहेर थोडी गावे डेन्मार्कच्या ताब्यातली, आणि त्यापलीकडे तंजावरचे राज्य. म्हणजे आपले, असे लिहायला हात शिवशिवतो खरा, पण जरा थांबते. व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला आले, तेव्हा तेही या मुलखात परकेच होते. फरक एवढाच की ते राहिले, तमिळ प्रजेवर राज्य केले, तेलुगूत नाटके लिहिली, आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला. डेन्मार्कची वखार याच दरबाराला वार्षिक भाडे भरून नांदत होती. संबंध नेहमीच गोडीचे नव्हते. १६९९ साली तंजावरच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा घातला होता.

त्यामुळे फिरायला जाणे ही साधी बाब नव्हती. १७०९ साली झीगेनबाल्ग पांढरी देशी वस्त्रे आणि पागोटे घालून तंजावरच्या दिशेने निघाला. गादीवर तेव्हा शहाजीराजे होते. परवान्यावाचून आत शिरलेल्या युरोपियाला धरतील, असे वाटेत कळले आणि तो मागे फिरला. त्याआधीच्या वर्षी तर स्वतःच्याच डॅनिश कमांडंटने त्याला चार महिने कैदेत टाकले होते. एका बाजूला आपल्याच लोकांचा किल्ला, दुसऱ्या बाजूला मराठ्यांची हद्द. त्यांच्या मधल्या काही कोसांत त्याला पाय मोकळे करायचे होते.

आणि रविवार? मिशनऱ्यांना तो सगळ्यांत कामाचा दिवस, कारण प्रवचने एकाहून अधिक भाषांत द्यायची असत. भोवतालच्या गावांना तर रविवार ठाऊकच नव्हता. इथली सुटी नदीच्या आणि चंद्राच्या हिशेबाने येई. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, कावेरीला नवे पाणी आले की, बायका-मुले चित्रान्नाचे डबे घेऊन घाटावर जातात. ही त्रिभुज प्रदेशातली खरी सहल, आणि ती आजही निघते. आठवड्याच्या ठरल्या वारी सुटी, ही कल्पना आपल्याकडेही फार जुनी नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळायला नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडावे लागले, आणि त्यासाठी १८९० साल उजाडावे लागले.

तेव्हा तरंगंबाडीच्या या तरुणांचा ‘रविवार’ सवड मिळेल त्या दिवशी येई. झीगेनबाल्ग वेशीबाहेरच्या खेड्यांत जाई, धर्मशाळेच्या ओट्यावर टेकलेल्या वाटसरूंशी वाद घाली. आला होता शिकवायला. पण आधी एका वृद्ध पंतोजीच्या शाळेत पोरांबरोबर बसून वाळूत तमिळ अक्षरे गिरवली. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने इथल्या लोकांना प्रश्न लिहून पाठवले: तुमचे सण कोणते, लग्ने कशी होतात, औषधे कोणती. १७१२ ते १७१४ या काळात आलेली ९९ उत्तरे जर्मन अनुवादात हाले शहरी छापली गेली. त्यांतला एक महत्त्वाचा लेखक त्याचा जुना दुभाषा अळगप्पन. छापील पानांवर मात्र उत्तरे लिहिणाऱ्यांची नावे आली नाहीत. दक्षिणेतल्या देवदेवतांवर झीगेनबाल्गने १७१३ साली लिहिलेला ग्रंथही हालेच्या वडीलधाऱ्यांना रुचला नाही. तो छापून निघाला १८६७ साली.

शतकाच्या उत्तरार्धात या फिरण्याला वेगळे वळण लागले. १७६८ मध्ये योहान केनिश हा वैद्य इथे आला. तो लिनियसचा विद्यार्थी. त्याच्यामागोमाग जॉन, रॉटलर, हाइने आणि तरंगंबाडीतच जन्मलेला डॉक्टर क्लाइन यांना झाडापानांचे वेड लागले. कामातून वेळ काढून ही मंडळी पोरैयारच्या बागांत, बांधांवर, वाळूच्या टेकाडांवर फिरत. पाने कागदात दाबत, शिंपले आणि मासे जमवत, आणि एकमेकांना दाखवत. देवाघरच्या कामासाठी आलेल्या एकट्या पुरुषांना मैत्रीचे एक निमित्त सापडले होते. आपसांत चर्चा करून ते वनस्पतीचे नाव ठरवीत आणि नावापुढे एक लॅटिन शब्द लिहीत: ‘नोबिस’. म्हणजे, हे नाव आम्ही दिले.

या भटकंतीची खूण आपल्या स्वयंपाकघरात आहे. कढीपत्त्याला लिनियसने १७७१ साली जे शास्त्रीय नाव दिले, त्यात ‘केनिगी’ म्हणून केनिश आहे. आपल्या शेतात सापडणाऱ्या मांडुळाच्या शास्त्रीय नावातला ‘जॉनी’ हा क्रिस्टोफ जॉन. त्याने बर्लिनला ब्लॉखकडे मासे पाठवले, म्हणून ढोम्यांच्या एका प्रजातीचे नाव ‘जॉनियस’. सह्याद्रीत ज्याला शेंदरी म्हणतात त्या झाडाला रॉक्सबर्गने रॉटलरचे नाव दिले होते. पुढे ते बदलले.

‘नोबिस’पाशी मी बराच वेळ अडकले. लॅटिनमध्ये या ‘आम्ही’त कोण कोण येते ते कळत नाही. मराठीत कळते, कारण आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. तमिळमध्येही ‘नाङ्गळ’ आणि ‘नाम’ असा नेमका तोच भेद आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे की वगळून, हे या दोन्ही भाषांत तोंड उघडताक्षणीच ठरवावे लागते. पाटी उचलणारा मुलगा, कोणते पान तापावर चालते ते सांगणारी म्हातारी, काट्यातून वाट काढून देणारा कोळी यांच्यावाचून ती भटकंती झालीच नसती. त्या वेळी बोलणे तमिळमध्ये चालले असेल, तर ‘नाम’ हा शब्द कुणाच्या तरी तोंडी आलाच असेल. कागदावर उतरताना त्याचे ‘आम्ही’ झाले.

हा दोष त्या तरुणांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्यात श्वार्ट्झसारखेही होते. तंजावरच्या दरबारात बोलता यावे म्हणून तो मराठी शिकला, आणि तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजीचा गुरू झाला. त्या सरफोजीराजांनी पुढे जगाचा भूगोल मराठीत, ‘देवेंद्र कुरवंजी’ या नाट्यात, तमिळ कुरवंजीच्या धर्तीवर एका भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तोंडी घातला. वाटसरूंसाठी त्यांनी ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र बांधले. पण आपल्या मोडी कागदांतही हिशेब राजाचा आणि कारभाऱ्याचा. छत्रात भात कुणी शिजवला हे मी वाचलेल्या रुमालांत मला क्वचितच दिसले. ‘नोबिस’ आपल्यालाही लिहिता येत होते.

१८४५ साली डेन्मार्कने तरंगंबाडी आणि बंगालमधले सेरामपूर साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकले. रॉटलर त्याआधीच, १८३६ साली, मद्रासला वारला. साठ वर्षे तो या देशात राहिला, अखेरीस तमिळचा कोश रचत होता. त्याने वाळवलेली पाने आज लंडनमध्ये क्यूच्या संग्रहात आहेत. त्याला परका म्हणायचे का, हे मला ठरवता येत नाही.

संध्याकाळच्या बसने तंजावरला परतले. उशीर झाला होता, तरी कोपऱ्यावर भाजीवाली बसलेली होती. वांगी घेतली. तिने वर कढीपत्त्याची एक काडी टाकली. तिचे पैसे इथे कुणी घेत नाही. मी पानाकडे बोट दाखवून नाव विचारले, खरे तर तिच्या तोंडून ऐकायला. ‘करिवेप्पिलै,’ ती म्हणाली. त्यातले ‘वेप्पिलै’ म्हणजे कडुनिंबाचे पान. मी म्हटले, आमच्याकडे कढीलिंब. तिला ‘लिंब’ कळले नाही, म्हणून मी पलीकडच्या कडुनिंबाकडे हात केला. ती हसली. दोन्ही भाषांनी हे पान कडुनिंबाशी ताडून पाहिले होते, केनिश येण्याच्या कितीतरी आधी. पुढच्या रविवारी मी कुठेच गेले नाही. भाजी घेतली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसून आणखी चार पानांची नावे विचारली.