शाळा व्यवस्थापन समिती (बीड जिल्हा)
सरकारी व अनुदानित शाळांच्या खर्चावर पालकांची देखरेख ठेवणारी वैधानिक समिती. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असतात. अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे कर्तव्य. बीडमध्ये तिची खरी कसोटी ऊसतोडीच्या हंगामात लागते. मजुरांची मुले गावातच शिकावीत म्हणून चालणारी हंगामी वसतिगृहे तिच्यामार्फत चालतात. पण हजेरीपट आणि जेवणाचा खर्च पडताळायचा असतो, नेमके तेव्हाच अनेक पालक ऊसतोडीसाठी गावाबाहेर फडावर असतात. 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आल्यावर परिषदेच्या शिक्षण समितीतील लोकप्रतिनिधींची देखरेखही थांबली. त्यामुळे गावपातळीवरील या तपासणीचे महत्त्व अधिकच वाढले.