ओझ्याचा इतिहास : बुधवार पेठ आणि मराठी कुटुंबाचे प्रवासी सामान

प्रस्तावना

प्रवासाचा इतिहास बहुधा रस्ते, घाट, लोहमार्ग आणि वाहने यांच्या आधारे लिहिला जातो. प्रवासी सोबत काय नेत होता आणि ते ओझे कोण वाहत होते, हे प्रश्न त्यात मागे पडतात. वस्तुतः कुटुंबाचे प्रवासी सामान हे इतिहासाचे एक बोलके साधन आहे. वाटेत जे मिळण्याची खात्री नसते ते माणूस घरून नेतो. त्यामुळे सामानावरून त्या काळच्या वाटेची आणि समाजाची पारख करता येते. प्रस्तुत लेखात पुण्यातील बुधवार पेठ हा आरंभबिंदू मानून या सामानाच्या स्थित्यंतराचा विचार केला आहे.

फरासखाना आणि पासोडी

बुधवार पेठेतील दोन स्थलनामे या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. पहिले नाव फरासखाना. आज ते पोलीस ठाण्यामुळे सर्वपरिचित असले, तरी मूळ शब्दाचा अर्थ तंबू, राहुट्या, कनाती, जाजमे व बैठका यांचे कोठार असा आहे. हे सामान सांभाळणारा आणि मुक्कामी अंथरणारा सेवक म्हणजे फरास. दुसरे नाव पासोड्या विठोबा. या देवळाच्या परिसरात पासोड्या, म्हणजे जाड सुती पांघरुणे, विकणारे बसत, त्यावरून देवाला हे नाव पडले. एकाच पेठेत सरकारी मुक्कामाचे साहित्य आणि सामान्य वाटसरूचे पांघरूण या दोहोंची आठवण अशी जपली गेली आहे.

या दोन नावांतून प्रवासाच्या दोन तऱ्हा व्यक्त होतात. राज्यकर्त्यांच्या घरातील स्त्रिया यात्रेस निघत तेव्हा त्यांच्याबरोबर जणू एक फिरते गावच चालत असे. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई यांची १७३५ मधील उत्तरेची यात्रा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. पानिपतच्या मोहिमेतही सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्यासह अनेक कुटुंबे व यात्रेकरू सैन्यासोबत होते. या बिनलढाऊ लोकांचा आणि त्यांच्या सामानाचा भार सैन्याच्या हालचालींना जड गेला, हे इतिहासकारांनी नोंदविले आहे. ‘बाजारबुणगे’ या शब्दाला मराठीत चिकटलेला तुच्छतेचा अर्थ याच अनुभवाशी निगडित आहे. मात्र ज्यांना बुणगे म्हटले गेले त्यांच्यातच तंबू उभारणारे, बैल हाकणारे आणि पाणी भरणारे लोक होते, हे विसरता येत नाही.

सामान्य माणसाचा प्रवास याहून फार वेगळा होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये चुलत्यासह द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले. ‘माझा प्रवास’ या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्तात पायपीट आणि लुटालूट यांचे वर्णन आहे. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून आणली. तंबूवाल्यांचे ओझे इतरांच्या पाठीवर होते. गोडसे यांचे ओझे त्यांच्याच खांद्यावर होते.

आगगाडी, दशमी आणि पाणी

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये, तर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. पुणे-मुंबई प्रवास दिवसांवरून तासांवर आला. तथापि, सामान त्या प्रमाणात कमी झाले नाही. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि फराळाचा डबा हा मध्यमवर्गीय कुटुंबाचा सरंजाम विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकून राहिला.

याचे एक कारण सोयींचा अभाव हे होते. दुसरे कारण सोवळ्याओवळ्याचे होते. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेली दशमी खरकटी मानली जात नसे, शिवाय ती टिकतही असे. म्हणून ती प्रवासाचे अन्न ठरली. रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी व्यवस्था असे. तरीही घरचा तांब्या भरून नेण्याकडे अनेकांचा कल होता. वाहन बदलले, परंतु वाटेवरील अविश्वास कायम राहिला आणि तो सामानात उतरला. या तयारीचा बहुतेक भार घरातील स्त्रियांवर पडे. प्रवास एका दिवसाचा असला तरी त्यांची तयारी कित्येक दिवस आधी सुरू होई.

हीच व्यवस्था दुसऱ्या टोकाकडून पाहिली म्हणजे तिचा खरा अर्थ उघड होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात १९०१ च्या सुमाराचा एक कौटुंबिक प्रवास सांगितला आहे. सुटीत वडिलांकडे जाण्यासाठी ते, त्यांचे बंधू आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे आणि मुलांनीच गाडी हाकायची, या अटीवर गाडी मिळाली. सोबत घरून दिलेले अन्न होते. परंतु वाटेत पिण्याजोगे पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. एका वर्गाला तांब्या शुद्धतेसाठी हवा होता, तर दुसऱ्याला पाणीच नाकारले जात होते. सामानाची जुळवाजुळव कितीही नीट केली तरी समाजाने नाकारलेली गोष्ट डब्यात बांधून नेता येत नाही, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

एस.टी.चा टप, सायकल आणि मोटार

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. मागील शिडीने टपावर चढविलेल्या ट्रंका, वळकट्या, पोती आणि कधी एखादी सायकल हे पुढील काही दशकांतील नित्याचे दृश्य होते. जाती व वर्गांनी वेगळे ठेवलेले सामान टपावर एकाच दोरीने बांधले गेले, हा बदल लहान नव्हता. अर्थात ते चढविणारा हमाल तोच राहिला.

सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात सायकल हे प्रवासाचे सामान होण्याआधी सामान वाहणारे वाहन होते. दांडीवर मूल, कॅरिअरवर पत्नी आणि हँडलला पिशवी अशी छोटी कुटुंबे तिच्यावरून फिरली. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतक स्कूटरने हीच रचना थोडी विस्तारली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर, पुढे यथावकाश टपावरच्या कॅरिअरसह कौटुंबिक सहल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांत अंथरूण-पांघरूण मिळू लागले, ठिकठिकाणी निवासाची सोय झाली आणि वळकटी अडगळीत गेली.

यानंतरचा टप्पा लक्षणीय आहे. सोयी वाढल्यावर सामान घटावे, ही अपेक्षा अंशतःच खरी ठरली. आज पुण्यातील काही कुटुंबे मोटारीच्या मागे सायकली अडकवून, टपावर किंवा डिकीत तंबू, शेगडी, झोपण्याच्या पिशव्या आणि क्वचित कयाक घेऊन धरणांच्या काठी जातात. पूर्वी गैरसोय टाळण्यासाठी तंबू नेला जाई. आता सोयींपासून काही काळ दूर राहण्यासाठी तो नेला जातो. पवना जलाशयाच्या काठी तर तंबू भाड्यानेही मिळतात. ते उभारणारे आणि आवरणारे हात बहुधा स्थानिकांचे असतात. फरासाचे काम नव्या नावाने चालूच आहे.

या संदर्भात पंढरीची वारी वेगळी तुलना पुरविते. आळंदीच्या पालखी सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून माउलींसाठी तंबूची सेवा परंपरेने चालत आली आहे. दिंड्यांचे तंबू, भांडी व शिधा आज ट्रकमधून पुढे जातात आणि वारकरी पायी चालतात. येथे सामान एका घराचे नसते. भिशी सामाईक असते आणि कामे वाटून घेतली जातात.

समारोप

फरासखान्यातील कनातीपासून मोटारीवरील कयाकपर्यंत सामानाचे रूप, वजन आणि प्रयोजन बदलत गेले. आधी ते गरजेचे व शुद्धतेचे होते, नंतर काटकसरीचे झाले आणि आता हौसेचे आहे. या बदलात दोन प्रश्न मात्र कायम राहिले : वाटेवर कोणाला काय मिळते, आणि कोणाचे ओझे कोण उचलते? प्रवासाच्या सामाजिक इतिहासात वाहनांइतकेच महत्त्व या प्रश्नांना देणे आवश्यक आहे. बुधवार पेठेने राहुटी आणि पासोडी या दोहोंची नावे जपली. त्या वाहणाऱ्यांचे नाव मात्र तेथील एकाही चौकाला मिळाल्याचे दिसत नाही.