'तेवूआ' : घरात आलेले पीक

सुगीच्या उपकारस्तुतीत आम्ही उपदेशक 'उत्पन्न' हा शब्द सहज उच्चारतो. त्यामागे हिब्रूत पुष्कळदा 'तेवूआ' हा शब्द असतो, व तो 'बो' म्हणजे 'येणे, आत येणे' या धातूपासून झाला आहे. 'उत्पन्न' म्हणजे उपजलेले. 'तेवूआ' म्हणजे आत आलेले. मराठीस हा अर्थ परका नाही. 'यंदा पीक चांगले आले' असे शेतकरी म्हणतो. बुऱ्हाणपूरच्या बाजारात केळीची 'आवक' मोजतात. आणि फारसीतून आलेल्या 'आमदनी'च्या मुळाशीही 'येणे' हाच धातू आहे.

परंतु आले ते कोणाकडे? १६३०च्या अवर्षणाने गुजरात व दख्खन होरपळले, तेव्हा शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. सुरतेहून आग्र्यास याच वाटेने गेलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने रस्त्यावर पडलेली प्रेते पाहिली, आणि माळव्याचे धान्य लादून छावणीकडे चाललेले बैलही पाहिले. बादशाहाने लंगर उघडविले. दर सोमवारी पाच हजार, याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले, असे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो. ते दान आम्ही उणे लेखत नाही. तथापि आवक छावणीची होती, आणि भुकेल्यांच्या वाट्यास दान आले.

अनुवाद १४ची रचना याहून निराळी आहे. तेथील २२वे वचन दशांशासाठी आम्ही वारंवार वाचतो, आणि (कबूल केले पाहिजे) बहुधा तेथेच थांबतो. त्या वचनात तेवूआ शेतातून 'बाहेर निघते'. २८व्या वचनात, दर तिसऱ्या वर्षी, तिचा दशांश धन्याने 'बाहेर काढून' आपल्या वेशीच्या आत ठेवावयाचा आहे. क्रियापदाचा धातू तोच. मग २९व्या वचनात लेवी, उपरी, पोरका व विधवा 'येतात' आणि खाऊन तृप्त होतात. हे 'येणे' म्हणजे पुन्हा 'बो', ज्यापासून तेवूआ शब्द झाला तोच धातू. येथे गरिबांचे येणे हा तेवूआच्या अर्थाचाच भाग ठरतो. ती धन्याने मागाहून केलेली मेहेरबानी नव्हे. लेवीला वतन नव्हते, हे कारण शास्त्र तेथेच देते. आमच्या मंडळीत केळीचे घड कापून वाहणारा जो मजूर मागच्या बाकावर बसतो, त्यालाही शेत नाही.