डोळ्यांत तेल घालून

रात्री अकराच्या सुमारास फोनवर एक रील येतं. जुन्या मस्काऱ्याचा ब्रश धुऊन घेतलेला, बशीत चार थेंब एरंडेल आणि आरशात बघत पापण्यांवरून हळूच फिरणारा हात. खाली ओळ : 'आजीचा उपाय, महिनाभरात दाट पापण्या.' पुढच्या रीलमध्ये खोबरेल, त्याच्या पुढच्यात कोरफड, मग व्हॅसलीन. उपाय बदलतो, पण आजी तीच राहते.

मला या आजीबद्दल कुतूहल आहे. ती कोण होती? एरंडेल तिच्या घरात होतं, हे खरं. ते तिच्या डोळ्यांपर्यंत पोचायचं, हेही खरं. पण ते पापण्या लांब व्हाव्यात म्हणून होतं का? हा प्रश्न कोल्हापुरात विचारायला सोयीचा आहे. इथे घरोघरी काजळ धरलं जायचं, आणि याच गावात मराठी सिनेमाचा कॅमेरा बायकांच्या डोळ्यांजवळ गेला. या दोन गोष्टींच्या मधेच कुठेतरी आजीच्या तेलाचा अर्थ बदलला.

दिव्याचं तेल

घासलेट येण्याआधी घरातला उजेड तेलाचा होता. एरंड बांधावर, उकिरड्याशेजारी, कुठेही उगवतो. त्याचं तेल घट्ट असतं आणि सावकाश जळतं. बाळंतिणीच्या खोलीत, पोट साफ करायला, सांध्यांना चोळायला, गाडीच्या आसाला असं ते सगळीकडे लागायचं. काजळासाठीही तेच.

रीत साधी होती. स्वच्छ कापसाची वात, पणतीत एरंडेल, दोन बाजूंना दोन वाट्या आणि त्यांवर पालथं घातलेलं तांब्याचं किंवा पितळेचं ताट. काही घरांत वात आधी माक्याच्या रसात भिजवून वाळवत. रात्रभर पणती जळायची. सकाळी ताटाच्या बुडाशी मऊ काळा थर धरलेला असायचा. तो खरवडून तुपात नाहीतर एरंडेलाच्याच थेंबात खलायचा, वाटलं तर कणभर भीमसेनी कापूर घालायचा आणि डबीत भरायचा. दिव्याच्या काचेवर धरते ती काजळी आणि डोळ्यांत जातं ते काजळ. वस्तू एकच, शब्दही जवळजवळ एकच. एक पुसून टाकायची, दुसरं जपून ठेवायचं.

हे काजळ आधी बाळाला लागायचं. डोळे मोठे व्हावेत, दृष्ट लागू नये, डोळे थंड राहावेत, अशी त्यामागची कारणं. उरलेलं बोट गालावर तीट म्हणून. बाईच्या डोळ्यांतलं काजळ नटण्यासाठीही होतं, यात शंका नाही. पण ते सगळ्या बायकांसाठी नव्हतं. नवरा गेला की कुंकू, बांगड्या आणि नटण्याच्या सगळ्याच गोष्टी काढून घेतल्या जायच्या. ही फार जुनी गोष्ट नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. कुणी नटायचं आणि कुणी नाही, हे जिथे गावाला ठरावाने सोडवावं लागतं, तिथे आरशासमोरचा ब्रश ही दिसते तितकी क्षुल्लक गोष्ट नाही.

पोथीतली पापणी

मराठीत डोळ्यावरच्या कातड्याच्या झाकणालाही पापणी म्हणतात आणि त्याच्या कडेच्या केसांनाही. संस्कृत वैद्यकात मात्र दोन वेगळे शब्द आहेत : झाकण ते वर्त्म, केस ते पक्ष्म. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत. त्यांत पक्ष्माचं नाव येतं ते सौंदर्यासाठी नाही. पक्ष्मकोप नावाचा एक रोग आहे : पापणीचे केस आत वळतात, बुबुळावर घासतात आणि डोळा सतत टोचत राहतो.

त्यावरचा उपाय वाचताना आजही अंगावर काटा येतो. भुवई आणि पापणीचे केस यांच्या मधल्या जागेतून जवाच्या दाण्याच्या आकाराचा कातड्याचा तुकडा कापून काढायचा आणि कडा केसाने शिवून टाकायच्या. कातडी ताणली जाते, पापणीची कड बाहेर वळते, केस बुबुळापासून सुटतात. आजची शस्त्रक्रिया वेगळी आहे, पण हेतू हाच : केस बाहेर वळवायचे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पक्ष्मशात, म्हणजे पापणीचे केस झडणं, हाही रोग म्हणून येतो. त्यावरचा एक उपाय असा : कासीस तुळशीच्या रसात घालून तांब्याच्या भांड्यात दहा दिवस ठेवायचं आणि त्याचं अंजन करायचं. हे घरी करून बघायचं नाही. सांगायचा मुद्दा एवढाच, की केस झडले तर ते परत यावेत, ही इच्छा जुनीच आहे. पण तिथे झडणं हा आजार आहे. धडधाकट पापणी आणखी लांब करायची, हा तिथला प्रश्न नाही.

आत वळलेल्या केसांमागे अनेकदा एक साथीचा रोग असायचा. त्याला आपल्याकडे खुपऱ्या म्हणतात, डॉक्टर ट्रॅकोमा म्हणतात. तो जंतूंमुळे होतो आणि बोटांवरून, पंचावरून, माश्यांवरून एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातो. लहानपणी पुन्हा पुन्हा झाला की पापणीच्या आतून व्रण धरतात, कड आत ओढली जाते आणि पुढे कित्येक वर्षं स्वतःचाच केस स्वतःचं बुबुळ खरवडत राहतो. त्यातून माणूस आंधळा होतो. देशात याचा सर्वांत जास्त त्रास वायव्येकडच्या कोरड्या भागांत होता. १९६३ मध्ये राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून ट्रॅकोमा संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे परवा-परवा.

आता काजळाचं बोट आठवा. एक डबी, एक बोट, घरातली चार पोरं. पहिल्याच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या डोळ्यांतून तिसऱ्याच्या. डोळ्यांचे डॉक्टर काजळ आणि सुरम्याच्या सामाईक सळीबद्दल वर्षानुवर्षं बजावत आले, ते याचसाठी. सुरम्यात आणखी एक धोका असतो : तो बऱ्याचदा शिशाच्या खनिजाचा असतो, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंसुद्धा चालत नाही. घरचं काजळ त्या मानाने बरं, पण बोट स्वच्छ असेल तरच. आजीची माया खरी होती, पण मायेने जंतू मरत नाहीत.

कॅमेरा जवळ येतो

मग लांब पापणी हवीशी कधी झाली? कवींना ती आधीपासून आवडायची. पण चारचौघांत पापणी दिसायला आधी कुणीतरी तितकं जवळ जावं लागतं. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. तिथे रंगमंचावर पुरुष स्त्रीपार्टी होऊन उभे राहायचे. शेवटच्या रांगेतून पापणीचा केस दिसणं शक्य नाही. तिथे काम काजळाच्या जाड रेघेचं.

बाबूराव पेंटर या नाटकांचे पडदे रंगवायचे. आपले बंधू आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव मधेच गेले, पण बाबूरावांनी कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला. त्यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. सिनेमात काम करणं तेव्हा इतकं बदनाम होतं, की गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या.

मूकपटात आवाज नाही, त्यामुळे बोलायचं काम डोळ्यांकडे. त्यातच त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसायचा नाही, तो काळा उमटायचा. ओठ काळे, गाल काळपट. अशा चेहऱ्यात डोळा उठून दिसायचा असेल तर त्याची कड गडद हवी. आणि कॅमेरा जवळ आला की चेहरा पडद्याएवढा होतो. आरशातही कधी नीट न पाहिलेली पापणी एकदम शेकडो लोक एकत्र बसून पाहू लागतात. महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच बाहेर पडलेल्या व्ही. शांताराम आणि त्यांच्या सोबत्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' काढली. कंपनी पुण्याला गेल्यावर १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये शांतारामांनी चंद्रमोहनचे डोळे टेलिफोटो लेन्सने इतके जवळ आणले, की ते डोळे लोकांच्या लक्षात राहून गेले.

हेच सातासमुद्रापार घडत होतं. १९१६ च्या 'इन्टॉलरन्स'साठी दिग्दर्शक ग्रिफिथ यांना नटीच्या पापण्या गालाला टेकतील एवढ्या हव्या होत्या, म्हणून माणसाचे केस जाळीत विणून तिच्या पापण्यांना चिकटवले. एके दिवशी ती सुजून जवळजवळ मिटलेल्या डोळ्यांनी आली, अशी आठवण तिची सहकारी लिलियन गिश हिने सांगितली आहे. त्याच सुमारास अमेरिकेत व्हॅसलीन आणि काळी पूड यांच्या घरगुती मिश्रणातून मेबेलिन कंपनी निघाली. म्हणजे तिथेही सुरुवात घरातल्या डबीतूनच झाली.

पुढे ती वाट अंधारात गेली. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या रंगवायचा डाय विकला जात होता. त्यात पॅराफेनिलिनडायअमाइन हे रसायन होतं. काही बायकांचे डोळे गेले, एकीचा जीव गेला. सौंदर्यप्रसाधनांवर लक्ष ठेवण्याचा अधिकारच तेव्हा तिथल्या सरकारला नव्हता. तो १९३८ च्या कायद्याने आला, आणि या बायकांची प्रकरणं त्यामागचं एक मोठं कारण ठरली. भारतात औषधांच्या १९४० च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं आली ती १९६२ मध्ये. आणि ते रसायन? केसांच्या काळ्या डायमध्ये आजही असतं. म्हणून त्या पाकिटावर पापण्या-भुवयांना लावू नका असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

मग तेलाने वाढतात का?

वरच्या पापणीला साधारण १०० ते १५० केस असतात, खालच्या पापणीला ७० ते ८०. डोक्याचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो. पापणीचा केस महिना-दीड महिना वाढतो, थांबतो, काही काळ नुसता राहतो आणि गळतो. त्या जागी नवा येतो. हे सगळं काही महिन्यांत आपोआप होतं.

आता रीलमधला 'महिनाभर' घ्या. गळलेले केस त्या काळात तसेही परत येणारच होते. वर एरंडेल घट्ट आणि चिकट, केसावर बसलं की केस जाड, काळा आणि चमकदार दिसतो. शिवाय तेल लावणारी मुलगी त्या दिवसांत डोळे कमी चोळते आणि मस्कारा पुसून झोपते. फरक दिसतो, श्रेय तेलाला जातं. पण एरंडेलाने पापणीचा केस नव्याने उगवतो किंवा लांब होतो, हे कुठल्या भरवशाच्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही.

पापणी खरोखर लांब करणारं एक औषध आहे, आणि ते सापडलं अपघाताने. काचबिंदूसाठी बायमॅटोप्रोस्टचे थेंब घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्या दाट होताना दिसल्या, आणि २००८ मध्ये अमेरिकेत त्याला पापण्यांसाठीही परवानगी मिळाली. त्याने पापणीची कातडी काळवंडू शकते, बुबुळाचा रंग कायमचा गडद होऊ शकतो आणि औषध थांबवलं की पापण्या पूर्वीसारख्या होतात. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

आणि लांबी म्हणजे चांगलंच, असंही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. बहुतेकांत पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश निघाली. तेवढी असली की वारा आणि धूळ डोळ्यापासून दूर राहतात आणि ओलावा टिकतो. त्याहून लांब झाली की ती उलट वारा डोळ्याकडे ओढू लागते.

तरीही आजीला एकदम खोटं ठरवू नका. डोळे कोरडे पडणाऱ्यांसाठी २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या सायक्लोस्पोरिनच्या थेंबांमध्ये औषध विरघळवलेलं असतं ते एरंडेलातच. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी पापणीच्या कडेच्या जुनाट सुजेवर एरंडेल लावून पाहिलं, तेव्हा आराम पडल्याचं दिसलं. म्हणजे हे तेल डोळ्याच्या कामाचं आहे, फक्त रील म्हणतं त्या कामाचं नाही. आणि त्या थेंबांतलं तेल निर्जंतुक असतं. फडताळातल्या बाटलीतलं तसं नसतं.

मराठीत 'डोळ्यांत तेल घालून' म्हणजे टक लावून, जागं राहून राखण करणं. आजीच्या एरंडेलाचं काम मला त्याच्याजवळचं वाटतं. तिला डोळा राखायचा होता. कधी तिचं चुकलं, एकाच बोटाने तिने चौघांना काजळ घातलं, पण हेतू राखणीचा होता. लांबीची हाव नंतर आली, कॅमेऱ्याबरोबर. आज तो कॅमेरा आपल्याच हातात आहे आणि दिवसभर आपल्याच तोंडासमोर धरलेला असतो.

तुम्हाला नटायचं असेल तर खुशाल नटा. ज्यांना ते नाकारलं गेलं, त्यांची आठवण ठेवून नटा. तेल लावायचंच असेल तर हात धुऊन, नव्या ब्रशने, केसांच्या टोकांनाच लावा, डोळ्यात जाऊ देऊ नका. आपला ब्रश आणि आपलं काजळ मैत्रिणीला देऊ नका. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काहीच घालू नका, तीट हवी तर तळपायाला लावा. पापण्या अचानक पुंजक्याने झडू लागल्या, कडा लाल होऊन खाजू लागल्या किंवा केस आत टोचू लागला, तर रील बंद करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि रात्री झोपण्याआधी तोंड धुताना काजळ, मस्कारा सगळं पुसून काढा.