सही द्यायची, पण आवाजही द्यायचा



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, इतिवृत्त लिहून झालं आणि मग निवडणुकीचा विषय निघाला. एक मावशी म्हणाल्या, "टीव्हीवर रोज रात्री नुसती भांडणं. एक बोलतो, दुसरा ओरडतो. पण वरच्या आळीला पाणी कधी येणार, हे कुणी कुणाला विचारतंय का? मत देऊन तरी काय उपयोग?" बाकीच्या जणींनी माना डोलावल्या. मी गटाची समन्वयक, पण मलाही पटकन उत्तर सुचलं नाही.

घरी आल्यावर एक गोष्ट आठवली. बी.ए.ला असताना इतिहासात अमेरिकेबद्दल वाचलं होतं, नंतरही वाचत राहिले. मावशींची ही तक्रार तिथल्या मतदारांनीही पुष्कळ वर्षं केली आहे. आणि त्यांचे प्रश्न उमेदवारांसमोर यावेत म्हणून बायकांची एक संघटना उभी राहिली होती. आज तिची गोष्ट सांगते.

आपल्याकडे राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार निवडतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी दर चार वर्षांनी, नोव्हेंबर महिन्यात, सामान्य लोक मतदान करतात. त्याआधी मुख्य उमेदवार टीव्हीवर समोरासमोर येतात आणि प्रश्नांना उत्तरं देतात. याला तिथे डिबेट म्हणतात, आपण वादचर्चा म्हणू.

राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुख्य उमेदवारांची टीव्हीवरची पहिली वादचर्चा २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो शहरात झाली. जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन समोरासमोर होते. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठलेले, चेहरा उतरलेला. केनेडी ताजेतवाने दिसत होते. साडेसहा कोटींहून जास्त लोकांनी ती चर्चा पाहिली. ज्यांनी रेडिओवर ऐकली त्यांना निक्सन सरस वाटले आणि ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांना केनेडी, असं नेहमी सांगितलं जातं. त्याचा पुरावा तसा तोकडा आहे. पण बोलण्यापेक्षा दिसण्याला भाव येतो, ही शंका लोकांच्या मनात तेव्हापासून बसली. तुम्ही मला आत्ता रेडिओवर ऐकताय, म्हणजे माझी साडी कोणती हे तुम्हाला दिसत नाही. बरंच आहे ते!

केनेडी थोडक्या मतांनी निवडून आले. त्यानंतर सोळा वर्षं अशी वादचर्चा झालीच नाही. एक कारण कायद्याचं होतं. एका उमेदवाराला प्रसारणात वेळ दिला तर बाकी सगळ्यांना तेवढाच द्यायचा, असा नियम होता. १९६० साली तिथल्या संसदेने तो तेवढ्यापुरता बाजूला ठेवला होता. दुसरं कारण साधं होतं. जो खुर्चीवर बसलेला असतो किंवा पुढे असतो, त्याला प्रश्नांना तोंड द्यायची हौस नसते.

१९७५ साली त्या नियमाचा नवा अर्थ लावला गेला. उमेदवार किंवा वाहिन्या सोडून तिसऱ्याच कुणी संस्थेने वादचर्चा ठेवली, तर वाहिन्यांना ती बातमी म्हणून दाखवता येईल, असं ठरलं. आता ही तिसरी संस्था कोण? इथे त्या बायका पुढे आल्या.

संघटनेचं नाव लीग ऑफ विमेन व्होटर्स, म्हणजे महिला मतदारांचा संघ. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला तो ऑगस्ट १९२० मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत या संघाची स्थापना झाली होती. मताधिकाराच्या चळवळीतल्या कॅरी चॅपमन कॅट यांची ही कल्पना. हक्क कागदावर मिळाला तरी तो वापरायचा कसा, उमेदवाराला काय विचारायचं, हे बायकांना कळायला हवं, असा त्यामागचा विचार होता. संघ कुठल्याही पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार करत नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यानंतरही कित्येक वर्षं मतदानापासून अडवलं गेलं. त्यांच्यासाठी खरा फरक पडला तो १९६५ च्या कायद्याने.

तर १९७६ साली या संघाने वादचर्चा भरवली. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड, दुसऱ्या बाजूला जिमी कार्टर. फिलाडेल्फियातल्या एका नाट्यगृहात पहिली चर्चा रंगात आली आणि आवाजच गेला. वाहिन्यांच्या यंत्रणेत बिघाड झाला होता. तब्बल २७ मिनिटं देशातले दोन सर्वांत मोठे उमेदवार आपापल्या जागी गप्प उभे होते. शेजारी गेले नाहीत, गप्पा मारल्या नाहीत. माईक बंद तर माणूसही बंद! घरी बसलेल्या कोट्यवधी लोकांनी हे पाहिलं.

त्याच वर्षी दुसऱ्या चर्चेत फोर्ड म्हणाले, की पूर्व युरोपावर सोव्हिएत रशियाचं वर्चस्व नाही. तेव्हा ते होतं, हे सगळ्या जगाला माहीत होतं. चर्चा संपल्या संपल्या ज्यांना विचारलं त्यांच्यात फोर्ड मागे नव्हते. पण वर्तमानपत्रांनी आणि बातम्यांनी तीच चूक पुन्हा पुन्हा दाखवली आणि दिवसभरात लोकांचं मत पार उलटलं. आपण पाहतो एक आणि दुसऱ्या दिवशी आपलं मत होतं वेगळंच, हे तिथेही घडलं.

मग आलं १९८० साल. महागाई भडकलेली. आदल्या वर्षी पेट्रोलसाठी गाड्यांच्या रांगा लागलेल्या. इराणमध्ये ५२ अमेरिकन लोक ओलीस. लोक वैतागले होते. त्या वेळी जॉन अँडरसन नावाचे तिसरे उमेदवार उभे होते. जनमत चाचण्यांमध्ये ज्याला साधारण १५ टक्के पाठिंबा दिसेल त्याला बोलवायचं, असं संघाने ठरवलं होतं आणि त्या हिशेबाने अँडरसन यांना बोलावलं. राष्ट्राध्यक्ष कार्टर म्हणाले, ते असतील तर मी येणार नाही. बायकांनी चर्चा रद्द केली नाही. रोनाल्ड रेगन आणि अँडरसन या दोघांचीच चर्चा घेतली.

पुढे अँडरसन यांचा पाठिंबा घटला आणि २८ ऑक्टोबरला क्लीव्हलँड शहरात कार्टर आणि रेगन समोरासमोर आले. मतदानाला एकच आठवडा होता. आठ कोटींवर लोक पाहत होते. कार्टर यांनी अण्वस्त्रांचा विषय सांगताना आपल्या १३ वर्षांच्या मुलीचं मत सांगितलं आणि लोकांनी त्याची थट्टा केली. रेगन यांनी शेवटी लोकांनाच विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? दुकानात वस्तू घेणं तेव्हापेक्षा सोपं झालंय का? हा प्रश्न घराघरांत पोचला, कारण तो पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या माणसाचा होता. रेगन मोठ्या फरकाने जिंकले. एका वाहिनीने त्या रात्री फोनवरून लोकांचा कौल घेतला. प्रत्येक फोनला पैसे पडत होते. सुमारे सात लाख फोन आले, त्यात रेगन यांना दुप्पट मतं. पण ज्याच्याकडे पैसे आणि चिकाटी त्याचाच फोन लागणार, मग याला लोकमत कसं म्हणायचं, अशी टीकाही झाली.

आता गोष्टीचा मुख्य भाग. उमेदवारांच्या माणसांना कळून चुकलं, की एका रात्रीत निवडणूक हलू शकते. मग त्यांना सगळं आपल्या हातात हवं झालं. १९८४ साली प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारांची नावं ठरवताना दोन्ही बाजूंनी एकामागून एक नावं नाकारली. शंभराच्या आसपास नावांतून पहिल्या चर्चेसाठी जेमतेम तीन जणांवर एकमत झालं. संघाने याबद्दल उघड नाराजी सांगितली.

१९८७ साली दोन्ही मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून वादचर्चांसाठी स्वतःचाच आयोग काढला. १९८८ मध्ये जॉर्ज बुश आणि मायकेल डुकाकिस यांच्या माणसांनी आपसात १६ पानांचा करार केला. प्रश्न कुणी विचारायचे, सभागृहात कोण बसणार, पत्रकारांना कुठवर सोडायचं, सगळं त्यात ठरलेलं. मग तो करार संघापुढे ठेवला. म्हणजे नाव तुमचं, कार्यक्रम आमचा.

३ ऑक्टोबर १९८८ रोजी संघाने जाहीर केलं, की आम्ही यातून बाहेर पडतो. ही मतदारांची फसवणूक आहे आणि तिला आम्ही आमचं नाव देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पुढे काय झालं? चर्चा बंद पडली नाही. दहा दिवसांनी लॉस एंजेलिसमध्ये ती पक्षांच्या आयोगाने घेतली. त्या वर्षी अमेरिकेत मतदानाच्या वयाच्या लोकांपैकी निम्म्यांनीच मत दिलं. १९२४ नंतरचं ते सर्वांत कमी मतदान होतं. याला एकटी वादचर्चा कारण होती असं मी म्हणणार नाही. पण लोकांचं मन उडालं होतं, हे दिसतं.

चार वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९९२ रोजी, रिचमंड शहरात वेगळा प्रयोग झाला. ज्यांचं मत ठरलेलं नाही अशा दोनशेच्या वर साध्या मतदारांना सभागृहात बसवलं आणि प्रश्न त्यांनीच विचारले. एकाने सांगितलं, एकमेकांवर चिखलफेक थांबवा, आमच्या गरजांवर बोला. एका तरुण बाईने विचारलं, देशावरच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी लागली? लागली नसेल, तर आमच्यावर उपाय कसा शोधाल? राष्ट्राध्यक्ष बुश यांना तो प्रश्न नीट उमगलाच नाही. त्या प्रश्नाच्या सुमाराला त्यांनी घड्याळात पाहिलं आणि ते कॅमेऱ्याने टिपलं. बिल क्लिंटन तिच्या जवळ चालत गेले आणि त्यांनी तिलाच विचारलं, तुम्हाला याची झळ कशी लागली? निवडणूक क्लिंटन जिंकले. त्या वर्षी मतदानही वाढलं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी आमच्या पुढच्या बैठकीत सांगितली. तेव्हा एक ताई म्हणाली, "मग त्या बायकांनी बाहेर पडून काय मिळवलं? चर्चा त्यांच्याविना झालीच की!" प्रश्न बरोबर आहे. त्यांनी आपलं नाव राखलं, पण खुर्ची गमावली.

आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. पण मी एका गावात पाहिलंय, वही घरोघर फिरते. "ताई, इथे सही करा." सभा झालेलीच नसते, किंवा झाली तर विषय आधीच ठरलेले असतात. कागदावर बायका हजर आणि बोललेली एकही नाही. तीही नाव तुमचं आणि कार्यक्रम आमचा अशीच गोष्ट झाली.

आम्ही त्या बैठकीत बराच वेळ बोललो. काहींचं म्हणणं होतं, सभेला जायचंच नाही. शेवटी असं ठरलं, की घरी आलेल्या वहीवर सही करायची नाही. सही करायची ती सभेत बसून. आणि प्रत्येकीने आपल्या घरातला एक प्रश्न आणायचा, त्यातला एक निवडून सगळ्यांनी त्याच्या मागे उभं राहायचं. रिचमंडच्या त्या बाईसारखा, आपल्या अंगावरून गेलेला प्रश्न.

त्याप्रमाणे आम्ही सभेला गेलो. मावशींनीच विचारलं, "वरच्या आळीला पाणी कधी?" उत्तर गुळमुळीत आलं. मग आम्ही म्हटलं, जे सांगितलं ते तारखेसकट इतिवृत्तात लिहा, तोवर आम्ही बसतो. ते लिहिलं गेलं. त्याखाली एकोणीस जणींच्या सह्या आहेत.

पाणी अजून आलेलं नाही. पुढच्या सभेत ते पान उघडून आम्ही पुन्हा विचारणार आहोत. तुमच्या गटाचा प्रश्न कोणता, तो ठरवून ठेवा.